बाईंना विचारा : टाकळीची गोगलगाय आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले, की ३४ वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि त्या ३४ वर्षांत चर्चमधली रविवारची उपासना सहसा चुकवली नाही. त्या एका वाक्यावर ११ पत्रं आली. बरीच प्रेमाची, दोन रागाची, आणि एक असं की ते वाचून रात्री झोप लागली नाही. म्हणून कुंड्यांवरची कीड, डेंग्यूचे डास हे नेहमीचे प्रश्न यावेळी बाजूला ठेवते. झोप उडवणारं पत्र आधी.

प्रश्न : बाई, माझी मुलगी दहावीत आहे. विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. चर्चच्या संडे स्कूलमध्ये तिला सांगितलं गेलं, की उत्क्रांती मानणारा माणूस ख्रिस्ती राहूच शकत नाही. तेव्हापासून ते पुस्तक उघडलं की ती रडते. “परीक्षेत हे उत्तर लिहिलं तर पाप लागेल का?” असं विचारते. मी फार शिकलेली नाही. तिला काय सांगू? (एक आई, मोहन नगर)

उत्तर : ताई, पाप लागणार नाही. हे तिला आजच सांगा, मासिक हातात असतानाच. धडा समजून घ्यायचा, उत्तर पूर्ण लिहायचं आणि रात्री नेहमीसारखी प्रार्थना करून झोपायचं.

मग तिला तिच्याच गावाची एक गोष्ट सांगा. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी नागपुरात आले. ज्यांच्या नावाचं कॉलेज इथे १८८३ पासून आहे, तेच हे. शुभवर्तमान आणि शाळा घेऊन आलेला हा माणूस या भागातल्या जीवाश्मांचाही पहिला मोठा अभ्यासक. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपुरातल्या टाकळीला, सीताबर्डीच्या टेकडीत, कामठीजवळ सिलेवाड्याच्या दगडात पानं, बिया, शंख शोधले. नागपूर परिसरातल्या थरांची वयं लावून त्यावर निबंध लिहिला आणि लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीकडे पाठवला. नागपूरच्या दक्षिणेला मांगली म्हणून गाव आहे. तिथल्या दगडातून निघालेली एका उभयचर प्राण्याची कवटी इंग्लंडला गेली, आणि शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला ‘ब्रॅकिऑप्स’ हे नाव दिलं. उत्क्रांती मांडणारं डार्विनचं पुस्तक १८५९चं. म्हणजे पृथ्वी अतिशय जुनी आहे आणि तिच्यावर एकेकाळी वेगळेच प्राणी होते, हे डार्विनच्या आधीच नागपुरात एक मिशनरी दगड हातात घेऊन सांगत होता. त्यासाठी त्याला प्रार्थना सोडावी लागली नाही.

टाकळीचा एक दगड माझ्याकडे आहे. माझे वडील कंपाउंडर होते. विहीर खोदताना निघालेला तो दगड एका रुग्णाने त्यांना आणून दिला होता. त्यात अंगठ्याएवढी गोगलगाय आहे, गोड्या पाण्यातली, पूर्ण दगड झालेली. नागपूरच्या पश्चिमेला खणलं की काळा कातळ लागतो, तो लाव्हा. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये चिखलाचा एक पातळ थर आहे, आणि या गोगलगायी त्या थरातल्या. विचार करा ना ताई. लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पाऊस पडत राहिला, तळं साचलं, तळ्यात गोगलगायी झाल्या, त्यांच्या पिढ्या गेल्या आणि मग पुन्हा लाव्हा आला. हे काही आठवड्यात होत नाही. हा सगळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लहानपणी वडिलांनी तो दगड माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “बघ, देवाला घाई नसते.” तेवढ्या एका वाक्यावर मी जीवशास्त्र घेतलं.

हाच दगड मी १९८९ साली संडे स्कूलमध्ये नेला होता. एका मुलाने विचारलं, “नोहाच्या जलप्रलयातली आहे का ही?” मी म्हटलं, “नाही रे, त्याच्या फार फार आधीची.” पुढच्या रविवारी कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला बोलावलं. आता मुलांना दुसरं कोणी शिकवेल, तुम्ही विश्रांती घ्या, असं म्हणाले. मी ३७ वर्षांची होते, विश्रांती कशाची घ्यायची होती? दोन वर्षं शेवटच्या बाकावर बसून उपासना केली. चर्चचं नाव लिहीत नाही. त्यातले बरेचजण आता प्रभूमध्ये निजले आहेत आणि माझ्या मनात राग उरलेला नाही. पण तुमची मुलगी रडते हे वाचलं आणि तो शेवटचा बाक आठवला.

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचे बिशप ऑगस्टिन पंधराशे वर्षांपेक्षाही आधीचे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना त्यांनी ख्रिस्ती लोकांना कळकळीने बजावलं आहे. आकाश, तारे, प्राणी यांबद्दल जे अनुभवाने आणि तर्काने ठरतं, त्यावर पवित्र शास्त्राचं नाव घेऊन चुकीचं बोलू नका. ऐकणारा हसेल आणि मग पुनरुत्थानाबद्दल तुमचं कसं ऐकेल? संडे स्कूलच्या शिक्षिकेला भेटाल तेव्हा ही गोष्ट सांगा. प्रेमाने सांगा, कारण त्यांनाही कोणीतरी भीतीच शिकवलेली असते.

प्रश्न : मी बी.एस्सी. करतो. भूशास्त्रात एम.एस्सी. करायचं आहे, पण घरचे म्हणतात श्रद्धा जाईल. खरं सांगायचं तर मलाही भीती आहे. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली हे खरं नसेल तर आदाम खरा का? आणि आदाम नाही, त्याचं पाप नाही, तर ख्रिस्त कशाला आला? (कामठी)

उत्तर : बाळा, तू कामठीचा. भूशास्त्रात तुझ्या गावाचं नाव एका खडकसमूहाला आहे, ‘कामठी फॉर्मेशन’. त्या आणि त्याच्या आजूबाजूच्या थरांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडाची जिभेच्या आकाराची पानं सापडतात. २५ कोटी वर्षांहून जुनी. तेच पान आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सापडतं. अंटार्क्टिकातही सापडतं, आणि तिथलं ते पान कोणी आणलं ते ऐक. कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत एडवर्ड विल्सन हे डॉक्टर होते. अत्यंत श्रद्धावान, नित्य प्रार्थना करणारे. पक्ष्यांचं नातं सरपटणाऱ्या प्राण्यांशी आहे का हे गर्भावरून तपासायचं म्हणून १९११ च्या भर हिवाळ्यात ते काळोखात पेंग्विनची अंडी आणायला गेले होते. ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये स्कॉट, विल्सन आणि त्यांचे सोबती थंडीने आणि उपासमारीने गेले. पण बर्फावरच्या गाडीवरचे सुमारे १६ किलो दगड त्यांनी शेवटपर्यंत टाकले नव्हते. त्या दगडांत हे पान होतं. असा माणूस तुझ्या आधी त्या वाटेने गेला आहे. घरच्यांना हे सांग.

आता सहा दिवस. उत्पत्तीचा पहिला अध्याय मोठ्याने वाच, मनात नको. “संध्याकाळ झाली व सकाळ झाली” हे पुन्हा पुन्हा येतं ना? आपल्या मंडळीत भजन होतं तेव्हा ध्रुवपद असंच फिरून येतं. पहिल्या दिवशी प्रकाश, चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी, पाचव्या दिवशी पक्षी आणि मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन, सहाव्या दिवशी तिच्यावरचे प्राणी आणि माणूस. आधी तीन घरं बांधली, मग त्यांत राहणारे आले, अशी ती रचना आहे. सूर्य चौथ्या दिवशी झाला तर पहिले तीन दिवस कशाने मोजले, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडितांनीच विचारला होता. आणि सूर्य-चंद्राला तिथे नावसुद्धा दिलेलं नाही, मोठी ज्योती आणि लहान ज्योती एवढंच. आजूबाजूचे लोक त्यांना देव मानून पुजत होते. इस्राएलाला सांगायचं होतं की ते देव नाहीत, आपल्या देवाने लावलेले दिवे आहेत. हे सांगणाऱ्याला खडकाचं वय सांगायचं नव्हतंच. दुसरा अध्याय लगेच वाच. तिथे माणूस आधी घडतो, झाडं आणि प्राणी नंतर. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवले, त्यांना हा फरक दिसला नव्हता असं मला वाटत नाही. त्यांना दोन्ही हवे होते.

पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, हे वाक्य पवित्र शास्त्रात कुठेच नाही. आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात वंशावळ्यांची बेरीज करून इ.स.पू. ४००४ ही साल काढली, ती पुढे इंग्रजी बायबलांच्या समासात छापली गेली, आणि समासातलं वाक्य लोक शास्त्र म्हणून वाचू लागले.

आदामाचं उत्तर अवघड आहे आणि मी ते सोपं करून देणार नाही. आजच्या माणसांची जनुकं तपासली तर आपण सगळे नजीकच्या काळातल्या एकाच जोडप्यापासून आलो असं निघत नाही. पूर्वज नेहमी काही हजारांच्या समूहात होते असं दिसतं. काही ख्रिस्ती अभ्यासक म्हणतात, देवाने त्या समूहातल्या एका जोडप्याला हाक मारली, ते आदाम आणि हव्वा. काही म्हणतात, आदाम म्हणजे आपण सगळेच; हिब्रूत त्या शब्दाचा अर्थच माणूस, आणि माती या शब्दाशी त्याचं नातं. मी दुसऱ्या बाजूला झुकते. मला चांगलं काय ते कळतं आणि तरी मी दुसरंच करते, यासाठी मला एदेन बागेचा नकाशा लागत नाही, कालचा दिवस आठवला की पुरे. ख्रिस्त त्यासाठी आला. तू एम.एस्सी. कर.

प्रश्न : माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत? (सावनेर)

उत्तर : आजच्या माकडापासून माणूस झाला असं कोणी म्हणत नाही. तुम्ही चुलतभावापासून जन्मला नाहीत, पण आजोबा एकच आहेत. तसं हे नातं.

तुम्ही संत्र्यांच्या मुलखातले आहात म्हणून पुरावाही संत्र्याचाच देते. बकरीला संत्रं खाल्लं नाही तरी चालतं, ती ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते. आपल्याला ते बाहेरून घ्यावं लागतं, नाहीतर हिरड्यांतून रक्त येतं. ते तयार करणारं जनुक आपल्यातही आहे, पण मोडलेलं. अंगणात बंद पडलेली जुनी गिरणी पडून राहावी, तसं. आणि चिंपांझी, गोरिला, आपल्या रामटेकची माकडं, सगळ्यांत तेच जनुक मोडलेलं आहे. गिनीपिगमध्येही मोडलंय, पण वेगळ्या पद्धतीने, कारण ते वेगळ्या घराण्यात स्वतंत्रपणे मोडलं. दोन मुलांच्या वहीत एकच चूक एकाच जागी असेल तर शिक्षक काय समजतो? मी ३४ वर्षं वह्या तपासल्या आहेत.

प्रश्न : आम्ही हिंदू आहोत. ख्रिस्ती धर्म आणि डार्विन यांचं वैर आहे असंच ऐकत आलो. वस्तुस्थिती काय? (धरमपेठ)

उत्तर : भांडणं झाली, अजूनही होतात, विशेषतः अमेरिकेत. पण दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. डार्विनची बाजू अमेरिकेत मांडणारे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धावान प्रेस्बिटेरियन पंथाचे ख्रिस्ती होते. १८८२ मध्ये डार्विन गेले तेव्हा त्यांना लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या मोठ्या चर्चमध्ये पुरलं. कॅथलिक चर्चने १९५० मध्ये पोप बारावे पायस यांच्या पत्रातून या विषयाच्या अभ्यासाला मोकळीक दिली, आणि १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल म्हणाले की उत्क्रांती ही आता केवळ एक कल्पना राहिलेली नाही. विसाव्या शतकातले उत्क्रांतीचे फार मोठे अभ्यासक थिओडोसियस डॉबझान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रातलं काहीच उलगडत नाही, हे १९७३ सालचं प्रसिद्ध विधान त्यांचंच. तुमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला विचारलंत तर मात्र कोणतंही उत्तर मिळू शकतं. आम्ही एका मताचे नाही.

प्रश्न : बाई, मी ८१ वर्षांचा आहे. तुम्ही जगाला शरण गेलात. मृत्यू पापामुळे जगात आला असं प्रेषित पौल बायबलमध्ये स्पष्ट लिहितो. तुमच्या हिशेबाने कोट्यवधी वर्षं प्राणी मरत, एकमेकांना खात होते आणि ते देवाने चालू दिलं. असा देव तुम्ही मुलांना शिकवणार? (जरीपटका)

उत्तर : काका, सलाम. रागाच्या दोन पत्रांपैकी हे तुमचं, आणि सगळ्या पत्रांत खरा प्रश्न यातच आहे. सहा दिवसांचं मला कधी जड गेलं नाही. हे जातं.

आधी पवित्र शास्त्रातलं. ज्या दिवशी फळ खाशील त्या दिवशी मरशील, असं आदामाला सांगितलं होतं. त्याने खाल्लं, आणि उत्पत्तीच्याच पाचव्या अध्यायाप्रमाणे तो ९३० वर्षं जगला. मग त्या दिवशी जे मेलं ते शरीर नव्हतं, देवाशी असलेलं नातं होतं. मी पौलाला या अर्थाने वाचते. आणि तोच पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात म्हणतो, की सगळी सृष्टी आजपर्यंत कण्हते आहे, वेणा सोसते आहे. वेणा म्हणतो, मरणकळा नाही.

पण तुम्ही शास्त्रातल्या वचनाइतकंच देवाच्या दयेबद्दल विचारता आहात. माझ्या अकरावीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता, एस.एस. पॅटर्न, म्हणजे आईवडील दोघांकडूनही आलेला. आपल्या विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते तुम्हाला सांगायला नको. डिसेंबरची थंडी पडली की त्याची हाडं दुखायची, तो बाकावर डोकं टेकून बसायचा. मी सिकलसेलचा भाग शिकवला त्या दिवशी तास संपल्यावर तो थांबला. “बाई, हे असं कायले केलं देवानं?”

मी त्याला जे शिकवलं होतं तेच पुन्हा सांगितलं. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एकच घटक बदलतो. आईकडून किंवा वडिलांकडून, एकाकडूनच तो बदल आला तर माणूस वाहक होतो, आणि त्याला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून हिवतापाच्या जंगलपट्ट्यात ही माणसं जगली, त्यांची मुलं जगली. दोघांकडूनही आला तर मात्र तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. एकच बदल गावाला वाचवतो आणि घरातल्या एका लेकराला छळतो. दोघे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता. हा हिशेब ग्रेगोर मेंडेल या मठवासी साधूने वाटाण्यांवर मांडला, १८६६ साली छापला. त्याच हिशेबावर आज आपल्याकडे लग्नाआधी रक्त तपासा म्हणून सांगतात.

त्या मुलाला हे सगळं समजलं. हुशार होता. मग तो म्हणाला, “म्हणजे कोणाचं पाप नाही?” त्याच्या आजीने घरात म्हटलं होतं, की आईबापाच्या पापाचं हे फळ आहे.

काका, योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हाच प्रश्न विचारतात. पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? प्रभू म्हणतो, याचंही नाही, आईबापांचंही नाही. मी ते त्याला वाचून दाखवलं. वर्गात, फळ्यावर साखळीचं चित्र असताना. जीवशास्त्राने त्याच्या आईवरचा आरोप काढला होता आणि शुभवर्तमानाने पण तोच काढला. त्या दिवशी माझ्या हातात ही दोन पुस्तकं वेगळी नव्हती.

तो २३व्या वर्षी गेला. ‘कायले’ याचं उत्तर मी त्याला दिलं नव्हतं आणि तुम्हालाही देत नाही. जो देव स्वतः वधस्तंभावर कण्हला, तो सृष्टीच्या कण्हण्याच्या बाहेर उभा नाही, एवढंच मी धरून आहे. तुमच्या घरापासून मी फार लांब राहत नाही. तुम्ही परवानगी दिलीत तर भेटायला येईन, आपण हा अध्याय बरोबर वाचू. मला तुमच्याकडून ऐकायचंही आहे.

प्रश्न : मुलांना जीवाश्म किंवा जुने खडक दाखवायचे तर कुठे न्यावं? (एक शिक्षक, हिंगणा रोड)

उत्तर : सवड असेल तर गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यातलं वडधम गाठा, तिथे जीवाश्म उद्यान आहे. लांब आहे, मुक्कामाची तयारी ठेवा. टाकळीच्या बहुतेक जागांवर आता घरं उभी आहेत. तुम्ही हिंगणा रोडला आहात, तर बुटीबोरीच्या वाटेवरचं टाकळघाट जवळ पडेल. तिथली प्राचीन शिळावर्तुळं पाहून ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप घोड्यावरून परतत होते. रात्र झाली, नाल्याला पूर आला होता, आणि ते त्यात बुडाले. मुलांना तो नाला दाखवा, पण पावसाळ्यात पाण्यात उतरू देऊ नका.

आणि सीताबर्डीचा किल्ला २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो. वर जाताना पायाखाली जो काळा कातळ लागतो, तो माझ्या गोगलगायीच्या वेळचा लाव्हा. मोहन नगरच्या ताई, १५ ऑगस्टला मुलीला घेऊन या. मी सकाळी ९ वाजता दाराशी असेन, आणि दगड पिशवीत असेल.